दामूनानांच्या रस्त्याकडच्या ओळी

दामूनाना गेले तेव्हा कंपनीकडून साधा हारही आला नाही. स्पष्टच लिहितो, गुळमुळीत लिहायची मला सवय नाही. ज्या बियाणे कंपनीनं या माणसाचा फोटो जानेफळच्या स्टँडसमोर वर्षानुवर्षं उन्हापावसात उभा ठेवला, तिला त्याच्या तेराव्याला यायला सवड झाली नाही. जिवंतपणी टोप्या आल्या होत्या, छत्र्या आल्या होत्या, भिंतीवरची घड्याळं आली होती. मी हे तावातावानं कमलकाकूंसमोर बोललो. कमलकाकू म्हणजे नानांच्या पत्नी. त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं झालं नाई आले. आले असते तं हारावरही नाव छापून आणलं असतं."

हे नानांच्याच घरातलं बोलणं. तिथं सगळे असेच बोलायचे.

नाना म्हणजे प्रगतिशील शेतकरी. ही पदवी विद्यापीठ देत नाही, बियाणे कंपनी देते. अट एवढीच, की शेत रस्त्याला लागून असावं, विहिरीला पाणी असावं आणि माणसाला फोटो काढून घ्यायला आवडावं. नाना तिन्हींत पहिल्या वर्गात पास. खामगावच्या रस्त्याला लागून त्यांचं वावर, वावरात पाटी: 'प्रात्यक्षिक प्लॉट'. टोपी बियाण्याच्या कंपनीची, शर्ट फवाऱ्याच्या औषधाच्या कंपनीचा, खांद्यावरची पिशवी खताची. माणूस उभा राहिला की कृषी केंद्राचं शटर उघडल्यासारखं वाटायचं. मी एकदा चिडून म्हणालो, "नाना, तुमच्या अंगावर तुमचं स्वतःचं काय आहे?"

"चड्डी," नाना म्हणाले. "अजून तथी जाहिरात नाई आली."

आमची ओळखही भांडणातूनच झाली. आमची संघटना म्हणजे आम्ही काही पोरं, एक जुना डुप्लिकेटर आणि लेईची बादली. तहसीलसमोर घोषणा द्यायच्या, पत्रकं काढायची, रात्री चिकटवायची. त्या वर्षी बोगस बियाण्यांविरुद्ध पत्रक होतं आणि मी ते नेमकं स्टँडसमोरच्या फलकावर, नानांच्या फोटोच्या तोंडावर चिकटवलं. कंपनीच्या तोंडाला कुलूप लावल्याचं समाधान मिळालं. दुसऱ्या दिवशी नाना ते पत्रक घेऊन स्वतः आमच्या खोलीवर हजर. मला वाटलं आता शिव्या. त्यांनी पत्रक टेबलावर पसरलं आणि म्हणाले, "लेई कच्ची हाय बे तुही. हात लावला अन् सुटून आलं. अन् हे काय, एका कागदावर इतकी उद्गारचिन्हं? उद्गारचिन्ह म्हणजे युरिया असते. हिरवं दिसते, बोंड नाई धरत."

तेव्हापासून मी पत्रकातली उद्गारचिन्हं कमी केली. नानांचं मी ऐकलेलं हे एकच मत. बाकी आमचं कधी पटलं नाही.

त्यांची एक सवय मात्र मला फार आवडायची. हंगामभर खिशात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, हिरवी बोंडं. काहीही विचारा, ते आधी एक बोंड काढायचे, अंगठा आणि बोटांत धरून दाबायचे. कट्. बोंड उकलायचं, ते आत बघायचे, मगच उत्तर. पावसाचं विचारा, कट्. पोरीच्या स्थळाचं विचारा, कट्. एकदा गावात आमदार आले, त्यांनी विचारलं, "काय नाना, सरकार कसं चाललंय?" नानांनी बोंड फोडलं, आत पाहिलं आणि उत्तर म्हणून ते आमदारांच्या हातात दिलं. आमदार सत्कार झाल्यासारखे हसले.

आता बीटीचं सांगायला हवं. बीटी कापसाचा सगळा महिमा एका वाक्यात मावतो: बोंड खाल्लं की अळी मरते. काही वर्षं मेली. लोकांनी देशी सरकी फेकून दिली, पाकिटावर आले. मग गुलाबी अळी मरेनाशी झाली. पाकिटावरचा मजकूर मात्र तोच राहिला, कारण छापून झाला होता. ही अळी बोंडात शिरते आणि मागे भोक बुजवून घेते. बाहेरून बोंड टुमटुमीत. आतून सडलेलं. फोडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून नानांच्या रस्त्याकडच्या ओळी महत्त्वाच्या. दरवर्षी दिवाळीनंतर कंपनी नानांच्या वावरात शिवारफेरी काढायची. जीप भरून शेतकरी यायचे, मांडव पडायचा. पाहुण्यांनी कुठून चालायचं, त्यासाठी चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारलेली असायची, बरोबर रस्त्याकडच्या ओळींच्या कडेनं. त्या ओळींना नाना जास्तीचं पाणी द्यायचे, जास्तीची फवारणी करायचे, आदल्या दिवशी किडकं बोंड दिसलं की खुडून टाकायचे. मी विचारलं, "नाना, ही फसवणूक नाही?"

"काऊन? पोरगी दाखवताना तिले वेणीफणी नाई करत का?"

"आणि आत काय आहे?"

"आत वावर हाय," म्हणाले आणि हसले.

एका वर्षी मात्र त्या हसण्यानं भागेना. त्या वर्षी गुलाबी अळीनं अख्खं शिवार धरलं. नानांच्या धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून शेख इस्माईलभाईंचं वावर. इस्माईलभाईंना विहीर नाही, जे आहे ते पावसावर. त्यांनी नानांकडे बघून तेच बियाणं लावलं होतं. गावातल्या बहुतेकांनी तसंच केलं होतं. पेरणीच्या आधी सगळे नानांना विचारायचे, "नाना, यंदा कोणतं?" आणि नाना सांगतील ते पाकीट घरी यायचं. पहिली वेचणी झाली आणि पुढच्या बोंडांत कापसाऐवजी काळी गुठळी निघाली.

आम्ही सगळ्यांच्या तक्रारी तालुक्याच्या समितीकडे दिल्या. कंपनीचं उत्तर एकदम तयार: शेतकऱ्यांनी निष्काळजीपणा केला. पुरावा काय? तेच गाव, तीच जमीन, तेच बियाणं, आणि दामूनानांच्या प्लॉटात अळी नाही. म्हणजे दोष बियाण्याचा नाही, इस्माईलचा. समितीनं ठरवलं, शिवारफेरीच्या दिवशी नानांचा प्लॉट बघायचा आणि निकाल द्यायचा. तिथं अळी नसेल तर सगळ्यांच्या तक्रारी कचऱ्यात.

गावच्या पारावर मी ही बातमी सांगितली तेव्हा नाना आणि इस्माईलभाई दोघंही तिथं होते.

"नाना," ते म्हणाले, "तुमची अळी शिकेल दिसते. माह्या वावरातून धुऱ्यापर्यंत येते, पाटी वाचते, अन् वापस जाते."

अळी शिकलेली निघाली म्हणून लोक हसले. नानाही हसले. पण मी बघत होतो, नानांचा हात खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला. दिवाळीपासून नानांनी बोंड फोडलं नव्हतं. आधी मला वाटलं विसरले. मग लक्षात आलं, हा माणूस काय बघावं लागेल याला घाबरलाय. कंपनीनं त्यांना पैसे दिले नव्हते. तसं असतं तर सोपं होतं, एक पत्रक काढून मोकळा झालो असतो. त्यांना दिला होता तो फोटो. जानेफळला गेले की नाना त्या फलकासमोर जरा थांबायचे आणि भांग नीट करायचे, आरसा असल्यासारखे. तो माणूस खोटा आहे हे चारचौघांत कबूल करायचं म्हणजे स्वतःच्या तोंडावर स्वतः लेई फासायची.

आणि कंपनी काही झोपली नव्हती. शिवारफेरीच्या आधीच्या अमावास्येला प्रगतिशील शेतकऱ्यांचा अभ्यास दौरा निघाला. कुठं? कोकणात, समुद्रावर. शेतीचा अभ्यास जिथं शेती नाही तिथं जाऊन करायचा, हा नियमच आहे. पत्रिकेवर लिहिलं होतं: 'रात्रीची कयाक सफर, समुद्री जीवदर्शन, तज्ज्ञ मार्गदर्शकासह'. इकडे शिवारात घरटी काळी गुठळी, आणि तिकडे जीवदर्शन. मी भडकून पत्रकाचा मसुदा लिहायला बसलो, तर नाना दारात.

"तुमची काकू येत नाई म्हणते. तिले पाण्याची भीती. तिच्या जागी तू चाल."

"मी? कंपनीच्या दौऱ्यावर?"

"तुले कंपनी आतून पाह्याची हाय ना? पुतण्या म्हणून नाव टाकतो. तोंड तेवढं बंद ठेवजो."

गेलो. मलकापूरहून रात्रीच्या गाडीनं, पुढं बसनं. पुरावे गोळा करायला गेलो होतो, आणि पहिल्या जेवणात कोळंबी दोनदा घेतली, हेही नोंदवतो.

कंपनीचे विभागीय साहेब पुण्याचे. ते प्रत्येक शेतकऱ्याला 'बळीराजा' म्हणायचे आणि नाव विसरायचे. सोबत कॅमेरावाला. कयाक सफर झाली की किनाऱ्यावर नानांची मुलाखत घ्यायची, ती शिवारफेरीत पडद्यावर दाखवायची, असा बेत.

अंधार पडल्यावर आम्हाला खाडीकाठच्या जेट्टीवर उभं केलं. अंगात नारिंगी जाकिटं, हातात वल्ही. कयाक पाहिल्यावर नाना म्हणाले, "हे तं गव्हाण हाय बे. यात बसाचं का चराचं?"

मार्गदर्शक प्रथमेश नावाचा तिथलाच तरुण होता. त्यानं सूचना द्यायला सुरुवात केली. टॉर्च बंद, मोबाईल बंद, बोलणं हळू. साहेब म्हणाले, "अरे, इथंच जेट्टीजवळ दाखव ना. आमच्या कॅमेऱ्याला लाइट हवाय."

"सर, जेट्टीपाशी काही दिसत नाही," प्रथमेश म्हणाला. "इथं उजेड आहे. आत जावं लागतं."

साहेब, कॅमेरावाला आणि कॅमेऱ्याचा दिवा जेट्टीवर राहिले. आम्ही आत गेलो. पुढं नाना, मागं मी, आणि बाजूनं प्रथमेशची कयाक. इतर जिल्ह्यांतले प्रगतिशील मागून येत होते, एकमेकांच्या कयाकवर आदळत होते आणि एकमेकांच्या आयांची आठवण काढत होते. कांदळवनाच्या आडोशाला जेट्टीचा उजेड दिसेनासा झाला. तिथं प्रथमेश म्हणाला, "आता पाण्यात हात फिरवा."

नानांनी हात घातला आणि झटकन बाहेर ओढला. पाणी निळं पेटलं होतं.

"कोणी पंप धुतला इथं?" नाना ओरडले.

प्रथमेशला कळेना. मी समजावलं, की आमच्याकडे नाल्यात फवाऱ्याचा पंप धुतला की पाण्याला असाच काहीतरी रंग येतो आणि मग बैलांना ते पाणी पाजायचं नसतं. तो हसला. हे औषध नाही, म्हणाला, डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, पाणी हललं की चमकतात. नानांनी पुन्हा हात घातला. मग वल्हं. मग डोक्यावरची टोपी काढून तीच बुचकळली आणि उचलली. टोपीवरची कंपनीची अक्षरं क्षणभर निळी लखलखली. जाहिरातीत म्हणतात तशी कंपनी खरोखर चमकलेली मी तेवढीच पाहिली. मग पाणी निथळलं आणि टोपी पुन्हा काळी झाली.

खालून मासे पळत होते. ते स्वतः दिसत नव्हते, पळताना मागे पडणारी निळी रेघ दिसत होती. बोंड फोडण्याआधी नाना नजर जशी बारीक करायचे, तशी त्यांनी मान खाली घालून पाण्यात लावली होती.

मग प्रथमेशनं दोरीला बांधलेला छोटा दिवा पाण्यात सोडला. "आता बघा कोण कोण येतं." आणि आले. आधी धुळीसारखे बारीक जीव, मग माशांची पिल्लं, लाल डोळ्यांच्या कोळंब्या, आडवा पोहत एक खेकडा. दिव्याभोवती जत्रा भरली. नाना वाकून दिव्याच्या खाली बघायला लागले, इतके की आमची गव्हाण कलंडायला आली.

"टब कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"कसला टब, काका?"

"दिव्याखालचा. आम्ही वावरात प्रकाश सापळा लावतो. वर बल्ब, खाली टब, टबात पाणी अन् रॉकेल. पाखरं उजेडाले येतात अन् टबात पडतात. तुहा टब कुठं हाय?"

"टब नाही हो. आपण फक्त बघायचं आणि सोडून द्यायचं."

"सोडून देता?"

"हो. दिवा काढला की जातात आपापल्या घरी."

नानांनी माझ्याकडे मान वळवली. अंधारात चेहरा दिसला नाही, आवाज ऐकला. "पाह्य बे. उजेड दाखवून सोडून देणारा मानूस म्या आज पाह्यला."

परत आलो तर जेट्टीवर कॅमेऱ्याचा दिवा भक्क पेटलेला, त्याच्याभोवती किडे घोंघावत होते, आणि दिव्याखाली एक रिकामी खुर्ची. साहेब म्हणाले, "या नाना. बसा. एकच वाक्य आहे. माझ्या प्लॉटात अळी नाही. हसून म्हणायचं."

नानांनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या खालीही पाहिलं. त्यावर हसू आलं ते फक्त मला.

"साहेब," नाना म्हणाले, "समुद्राच्या काठावर बसून पऱ्हाटीची गोष्ट सांगतली तं लोक म्हणतील दामू पिऊन बोलून राह्यला. घरी सांगतो. वावरात उभा राहून, समितीसमोर."

साहेब खूश. "बळीराजा, तुम्ही तर आमच्यापेक्षा हुशार निघालात."

मी रागानं फुटायचा बाकी होतो. येताना गाडीत मी त्यांना सोडलं नाही. "नाना, समितीसमोर तुम्ही तेच म्हणणार? इस्माईलभाईंचं काय? गाव तुमच्या शब्दावर पेरतं. तुम्ही आत अळी पाहिलीत की नाही, एवढं तरी सांगा."

"पाह्यलीच नाई."

"का?"

"पाह्यली नाई म्हणून तं म्हणता येते, नाई म्हणून," नाना म्हणाले आणि टोपी तोंडावर ओढून झोपले. झोपले नव्हते. मलकापूर येईपर्यंत टोपीखालून त्यांचा अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासत होती.

शिवारफेरीचा दिवस उजाडला. मांडव, खुर्च्या, शाल, नारळ, पुढच्या हंगामाच्या आगाऊ नोंदणीचं टेबल. हो, ते टेबलही होतं. एका बाजूला लोकांची सडलेली बोंडं आणि दुसऱ्या बाजूला तेच बियाणं नव्या पाकिटात, नव्या नावानं. रस्त्याकडच्या ओळींत मोत्यासारखा कापूस फुटला होता. कडेनं फक्कीची रेघ, इतकी सरळ की त्यावरून समितीला झोपेत चालता आलं असतं. समितीचे तिघे अधिकारी पांढऱ्या बुटांत होते. इस्माईलभाई आणि गावकरी रस्त्याच्या पलीकडे उभे होते. त्यांना खुर्च्या नव्हत्या.

साहेबांनी माइकवर सांगितलं, तेच गाव, तीच जमीन, तेच बियाणं. मग म्हणाले, "आता नाना आपल्याला प्लॉट दाखवतील. रेघेवरून चला, मंडळी."

नाना उठले. खांद्यावरची शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. रेघेपाशी आले आणि रेघ ओलांडून सरळ दोन झाडांच्या मधे शिरले.

"नाना, इकडून! रेघ इकडे आहे!"

"जेट्टीपाशी काई दिसत नाई, साहेब," नाना वळून म्हणाले. "आत जा लागते."

समितीला काहीच कळलं नाही. साहेबांना कळलं. त्यांचा चेहरा मी पत्रकात छापू शकलो असतो तर मजकुराची गरज पडली नसती.

त्यानंतर काय झालं ते तालुक्याला माहीत आहे. समितीनं लिहिलं, की दोष शेतकऱ्यांचा नाही. भरपाई आली, उशिरा आणि अपुरी, जशी येते तशी. कंपनीनं फलकावर दुसऱ्या तालुक्यातला एक तरुण प्रगतिशील लावला. गावातले काही लोक नानांना बरेच दिवस बोलले, इतकी वर्षं आम्हाला रेघेवरूनच फिरवलं म्हणून, आणि ते बरोबरच बोलले. नानांनी ऐकून घेतलं. त्यानंतर पेरणीआधी कोणी विचारलं की ते म्हणायचे, "मले नको विचारू बे. माह्या वावरात ये, मधातलं बोंड फोड, अन् तूच सांग."

पुढंही नाना मला भेटत राहिले, चिडवत राहिले. पण डोळे मिटले की मला ते दिसतात त्या दिवशीचेच, पाठमोरे. खांद्याइतकी पऱ्हाटी, आणि तिच्यावरून आत आत जाणारी ती कंपनीची टोपी. मागून इस्माईलभाई. त्यांच्या मागं एकेक करत रस्त्यापलीकडचं सगळं गाव. मग विजार गुडघ्यापर्यंत दुमडून समितीचा एक अधिकारी. रेघेवर साहेब एकटे. टोपी थांबली, खाली वाकली, दिसेनाशी झाली. आणि मग आतून, किती दिवसांनी, कट्. पाठोपाठ पुन्हा कट्.

थोड्या वेळानं नानांचा आवाज आला, नेहमीसारखाच, जरासा फाटलेला.

"इस्माईल, ये इकडं. शिकेल नाई बे माहीही अळी."

आणि आतून सगळीकडून कट् कट् सुरू झालं.